धनगराचा कुत्रा म्हणजे कारवान नव्हे

सोलापूरच्या माळावर मेंढरांमागे चालणारं कुत्रं दिसलं, की आपण पटकन म्हणतो, 'हा कारवान!' जरा थांबा. कारवान, म्हणजेच मुधोळ, मूळचा शिकारी. सावज नजरेनं हेरायचं आणि पळून गाठायचं, म्हणून त्याची छाती खोल, पोट आत ओढलेलं, पाय लांब.

राखणीच्या कुत्र्याचं काम वेगळं. नान्नजच्या माळरानात आजही लांडगा आहे. रात्री कळप बसतो तिथं जागं राहायचं, दिवसा मेंढरांबरोबर चालायचं. बॉर्डर कॉलीसारखा कळप वळवणं हे त्याचं काम नाही, ते धनगरच करतो. त्यामुळे इथं वेगापेक्षा चिवटपणा महत्त्वाचा. मेंढराला तोंड लावणारं कुत्रं कळपात चालत नाही.

आता तुम्हीच सांगा, फक्त रंग-उंची मोजून जात ठरवली, तर हा राखणदार 'गावठी' म्हणून यादीबाहेरच राहणार ना? म्हणून आधी काम नोंदवायचं, मग बांधा.