मुंबईच्या वाट्याला न आलेले वसाहतकरी

न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. मुंबईजवळच्या ज्या पाण्यात त्याचे धक्के आहेत, तिथेच सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजी आरमार आले. इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सला पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनशी झालेल्या लग्नातून मुंबई मिळाली होती. ती ताब्यात घ्यायला सर अब्राहम शिपमन सुमारे ४०० शिपायांसह आला. याउलट, १६२० मध्ये अमेरिकेत वसाहत करायला गेलेल्या ‘मेफ्लॉवर’ या इंग्रजी जहाजावर १०२ प्रवासी होते, बायकामुलांसह, जमीन कसायला निघालेली कुटुंबे. मुंबईच्या जहाजांवर पगारी शिपाई होते. वसाहतीचे स्वरूप इथेच ठरले, असे मला वाटते.

पोर्तुगीजांनी बेट द्यायला नकार दिला. मग शिपमनची माणसे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिली आणि तिथे पावसाळ्यात, तापात, उपासमारीत मेली. शिपमनही १६६४ मध्ये गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिपमनच्या जागी आलेल्या हम्फ्री कुकने मुंबई घेतली तेव्हा सोबत जेमतेम शंभर उरले होते. कोणी म्हणेल, मेफ्लॉवरचेही निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. खरे आहे, पण मागून कुटुंबे येतच राहिली. पुढे मुंबई हाती आल्यावर ईस्ट इंडिया कंपनीनेही शिपायांसाठी इंग्लंडहून बायका धाडल्या, हा आक्षेप जास्त वजनाचा. तरी त्यातून इंग्रजी गाव वसले नाही. बेटावर कोळी, भंडारी आधीपासून होतेच. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने (१६६९–७७) निरनिराळ्या धर्मांच्या व्यापाऱ्यांना आश्रय दिला, आणि शहर वाढले ते अशा लोकांमुळे.