सागाच्या रानात जीपीएस

दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात औंढा नागनाथच्या डोंगराकडच्या एका गावी मी गेलो होतो. गावातल्या काही आंध कुटुंबांनी वनहक्काचे दावे केले होते. जमिनीची मोजणी जीपीएसवर कशी होते ते पोरांना समजावून सांगा, असा निरोप होता. मी हातातले यंत्र चालू केले आणि एका वयस्कर शेतकऱ्याबरोबर त्यांच्या बांधावरून चालत एक फेरी पुरी केली. तिन्ही बाजूंना सागाचे दाट रान होते. फेरी संपल्यावर पडद्यावर उमटलेली रेघ त्यांना दाखवली. ती एका जागी बांध सोडून ओढ्यात उतरली होती आणि पुढे पार रानात शिरली होती. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, म्या तर बांध सोडला न्हाई. मग ही रेघ कोणाची?"

प्रश्न साधा होता, पण त्यामागे त्यांची जमीन होती. वनहक्क कायदा २००६ सालचा. ३१ डिसेंबर २००७ रोजी तो लागू झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जी वनजमीन कसली जात आहे, तिचा प्रत्यक्ष ताब्याइतका, पण ४ हेक्टरच्या आत, हक्क त्यात मिळतो. म्हणजे ताबा किती, हे मोजावे लागते, आणि महाराष्ट्रात हे मोजमाप बऱ्याच ठिकाणी जीपीएस घेऊन झाले. आता हिशेब पाहा. समजा, १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद असे एक हेक्टरचे चौकोनी शेत आहे. यंत्राने चारही बाजू पाच-पाच मीटर आत दाखवल्या, तर उरते ९० गुणिले ९०, म्हणजे ८,१०० चौरस मीटर. जवळपास १९ गुंठे कागदावरून गेले! चुका नेहमी एकाच दिशेला होत नाहीत, काही एकमेकींना खोडतात, हे खरे. तरीही प्रत्येक कोपरा पाचेक मीटर इकडेतिकडे झाला की सहा-सात गुंठ्यांचा फरक सहज पडतो. कोरडवाहू शेतकऱ्याला सात गुंठे थोडे नसतात.

मग यंत्र खोटे बोलते का? तसे नाही. त्याला जे ऐकू येते त्यावरून ते अंदाज बांधते, आणि रानात त्याला नीट ऐकू येत नाही.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते आणि प्रत्येक जण सतत 'मी अमुक, आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजले' असा संदेश पाठवत असतो. संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. या वेळेवरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते, आणि किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा ठरवते. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने धावते. त्यामुळे वेळेत सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात तीन मीटरची चूक होते.

हा संदेश आपल्या हातात पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. एका वॅटचे, एकावर सोळा शून्ये इतके भाग करावेत आणि त्यातला एखाददुसरा भाग घ्यावा, इतकीच त्याची ताकद. त्याच्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. सागाचे पान त्याहून मोठे असते आणि त्यात पाणी भरलेले असते. पाणी या लहरी शोषून घेते. पावसात भिजलेले पान असेल तर विचारूच नका. शिवाय बुंधे आहेत, फांद्या आहेत, आणि आपले शरीरही आहेच.

पण संदेश क्षीण होणे ही अर्धीच अडचण. उरलेली अडचण प्रतिध्वनीची. खोल विहिरीत हाक मारली की आवाज काठांवर आपटून फिरून येतो. तसा उपग्रहाचा संदेश ओल्या बुंध्यावर किंवा कड्यावर आपटून, वळसा घेऊन यंत्रापर्यंत येतो. थेट आलेला संदेश पानांनी अडवलेला आणि वळसा घेतलेला मात्र ऐकू येतो. यंत्राला वाटते, उपग्रह थोडा लांब आहे. मग ते आपल्याला बांधावरून उचलून ओढ्यात नेऊन ठेवते. गंमत अशी की, पडद्यावर 'अचूकता ४ मीटर' असे लिहिलेले असते, तेव्हाही हे घडत असते. तो आकडा यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. वळसा घेतलेला संदेश खरा धरला, तर तो अंदाजही फसतो.

झाडांनी मोजणी अडवणे आजचे नाही. लॅम्टन आणि त्यांच्यामागून एव्हरेस्ट यांनी हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी केली, तेव्हा एका टेकडीवरून दुसरी दिसावी म्हणून मधली झाडे तोडावी लागत. कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात एव्हरेस्ट तापाने आजारी पडले होते. लॅम्टन १८२३ साली हिंगणघाटला वारले. त्यांना समोरची टेकडी दिसायला हवी होती, आपल्याला आभाळ दिसायला हवे.

त्या मोजणीचा एक धागा आजही आपल्या पायात येतो. सर्वे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनी मानलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, आणि जीपीएस वेगळा आकार मानते. जीपीएसचा बिंदू जुन्या नकाशावर तसाच ठेवला, तर आपल्या भागात तो शंभर मीटरहून अधिक सरकतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर निघालेल्या खुल्या मालिकेतल्या नकाशांना ही अडचण नाही. म्हणून कोणताही नकाशा वापरण्याआधी त्याच्या समासातली टीप वाचावी.

आता उपाय सांगतो. यातले बरेचसे फुकटचे आहेत.

पहिला उपाय ऋतूचा. हिंगोली जिल्ह्यातले रान पानगळीचे आहे. साग, धावडा, पळस, मोह. फाल्गुन-चैत्रात साग जवळजवळ उघडा होतो. जी मोजणी श्रावणात रडवते, तीच चैत्रात सकाळच्या उन्हात पुष्कळ सोपी होते. ज्यांना मोजणीची तारीख निवडता येते, त्यांनी उन्हाळाच निवडावा.

दुसरे, यंत्र रानात शिरून चालू करू नका. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती तीस सेकंदांत एकदा सांगतो. पानांखाली ती मधेच तुटते आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून ऐकू लागते. उघड्या माळावर दहा-पंधरा मिनिटे ते चालू ठेवावे आणि मगच झाडीत शिरावे.

तिसरे, यंत्र धरायचे कसे? पँटच्या खिशात फोन ठेवला, तर अर्धे आभाळ आपल्या शरीरानेच झाकले जाते. पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात किंवा खांद्याच्या पट्ट्यावर ठेवावा. बोटासारखा उभा अँटेना असलेले यंत्र उभे धरावे, चपटे यंत्र आभाळाकडे तोंड करून आडवे. फोनमधली बॅटरी वाचवण्याची सोय बंद करावी, नाहीतर तो मधूनमधून झोपतो आणि जागा झाला की दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ मारून मोकळा होतो. एक गैरसमजही काढून टाकतो. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. रेंज असली तर सुरुवात लवकर होते, इतकेच.

चौथे, बिंदू किती वेळाने नोंदवावेत? दर सेकंदाला नोंदवले, तर आपण एक मीटर चालतो आणि यंत्र पाच मीटर डुलते. रेघ दारू प्यायल्यासारखी होते आणि वाटेची लांबी उगाच वाढते. भाकरी खायला अर्धा तास बसलात, तर तेवढ्यात यंत्र गोंधळ घालून काही अंतर चाललेही असते. बसताना नोंद थांबवावी. याउलट मिनिटाला एक बिंदू घेतला, तर वळणे कापली जातात. पायवाटेसाठी पाच ते दहा सेकंद ठीक. त्याच वाटेने परत येऊन दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवून पाहा. त्या जितक्या दूर, तितके तुमचे यंत्र त्या रानात डळमळते आहे. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा ही परीक्षा खरी.

पाचवा उपाय शेताच्या मोजणीसाठी सर्वांत महत्त्वाचा. बांधावरून चालत रेघ ओढण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर पाच-दहा मिनिटे उभे राहून सरासरी घ्यावी. तासा-दोन तासांनी पुन्हा येऊन परत घ्यावी. तोवर उपग्रहांच्या जागा बदललेल्या असतात, चुकाही बदलतात, आणि सरासरीत त्या बऱ्याचशा विरतात. कोपरा मोठ्या झाडाखाली असेल, तर जवळच्या उघड्या जागी नोंद घ्यावी आणि तिथून कोपऱ्यापर्यंत टेप व होकायंत्राने मोजावे.

यंत्रेही सुधारली आहेत. अमेरिकेने मुद्दाम घातलेली अचूकतेतली खोट २ मे २००० रोजी काढून टाकली. त्याआधी उघड्या माळावरही शंभर मीटरची चूक असे. आता रशिया, युरोप आणि चीनचे उपग्रहही ऐकता येतात, म्हणजे पानांच्या फटीतून कोणीतरी दिसण्याची शक्यता वाढली. आपल्या नाविक मालिकेतल्या, मे २०२३ मध्ये सोडलेल्या उपग्रहात तर भारतीय बनावटीचे अणुघड्याळ आहे. २०१८ पासून दोन लहरींवर ऐकणारे फोनही मिळू लागले. त्यातल्या दुसऱ्या लहरीवरचा संकेत दहापट बारीक खुणांचा असतो, त्यामुळे थेट संदेश आणि वळसा घेतलेला संदेश यांत फरक करणे सोपे जाते. सेंटीमीटरपर्यंत मोजणारी यंत्रेही आहेत, पण त्यांनाही उघडे आभाळ लागते.

याच औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या आकाराहून कितीतरी लहान बदल ती टिपणार. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांची घड्याळेही जीपीएसवरूनच जुळवलेली असतात. म्हणजे घड्याळात दोष नाही, दोष आपण ते कुठे उभे राहून ऐकतो यात आहे.

मी चैत्रात त्या गावी पुन्हा गेलो. साग उघडा झाला होता. गावच्या पोरांनी चारही कोपऱ्यांवर दोन-दोन वेळा सरासरी घेतली, शेताचे दोन त्रिकोण करून टेपने मोजून पाहिले. दोन्ही हिशेबांत गुंठाभराचाच फरक निघाला. माझ्या श्रावणातल्या रेघेने मात्र आठ गुंठे कमी दाखवले होते. चूक माझी होती. भिजल्या रानात, एकच फेरी मारून, मी त्या रेघेला मोजणी म्हटले होते.

पोरांना शेवटी एकच गोष्ट सांगितली. वनहक्काच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार उपग्रहाची चित्रे आणि तत्सम तंत्रज्ञान हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. बांध, विहीर, जुनी दफनभूमी, जाणत्या माणसांचे लेखी जबाब यांनाही पुराव्याचे स्थान आहे. तेव्हा मोजणीच्या दिवशी ग्रामसभेच्या वनहक्क समितीसोबत हजर राहा, रेघ बघा, आणि ती बांध सोडून गेली असेल तर तिथल्या तिथे तसे लिहून घ्या.

म्हातारबाबांनी नवी रेघ पाहिली, बोटाने बांध दाखवला आणि म्हणाले, "आता ही माझी."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)