जोडकेसांच्या रीती आणि मुळांवरील भार

गंगावन म्हणजे काय, हें मराठी घरांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. वेणी आखूड असली कीं उसन्या केसांचा झुबका आणावयाचा, त्याचें वरचें टोक आपल्या पेडांत गुंतवावयाचें, दोन्ही मिळून वेणी घालावयाची आणि रात्रीं निजण्यापूर्वीं तें सोडवून ठेवावयाचें, अशी ही साधी रीत. आज शहरांतील केशभूषागृहांतून ‘एक्स्टेंशन’ या नांवाखालीं जे अनेक प्रकार दिसतात, ते याच कल्पनेचे विस्तार होत. फरक आहे तो सांधा जोडण्याच्या युक्तींत. आणि आपले स्वतःचे केस राहतील कीं जातील, हें बव्हंशीं त्या युक्तीवर अवलंबून असतें. म्हणून या रीतींचा थोडा विचार करूं.

प्रथम केसाची प्रकृति पाहूं. त्वचेबाहेर दिसतो तो केस निर्जीव तंतु आहे. जिवंत असतें तें त्याचें मूळ. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. केस महिन्यास एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. दोन ते सहा वर्षें वाढून, नंतर सुमारें तीन महिने विसांवा घेऊन तो गळतो. रोज ५० ते १०० केस गळणें हें निरोगी डोक्याचेंच लक्षण होय. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, केसास बांधलेला सांधा महिन्यागणिक त्वचेपासून दूर जाणारच. दुसरी, सांध्यांत सांपडलेला केस मुळापासून सुटला तरी तो बाहेर पडूं शकत नाहीं, तेथेंच अडकून राहतो.

ही हौस आजकालची नव्हे. ईजिप्तमध्यें अमार्ना येथें, राजा अख्नातेन यानें वसविलेल्या नगराच्या दफनभूमींत, सुमारें ३३०० वर्षांपूर्वींच्या एका स्त्रीचें डोकें संशोधकांस सांपडलें. त्यावर निरनिराळ्या उंचीवर, थराथरांनीं बसविलेल्या सुमारें ७० उसन्या बटा होत्या, अशी माहिती २०१४ मध्यें प्रसिद्ध झाली. त्यामागील हेतु कांहींहि असो, एका जड झुबक्याऐवजीं अनेक हलक्या बटा लावल्या म्हणजे भार डोक्यावर वांटला जातो. पुढील सर्व रीती याच कसोटीवर घासून पाहाव्या.

सर्वांत निरुपद्रवी रीत चापाची. विणलेल्या केसांच्या अरुंद झालरीस लहान चाप शिवलेले असतात. आडवा भांग पाडावयाचा, मुळाशीं केस किंचित् उलटे विंचरावयाचे, म्हणजे पकड मिळते, आणि चाप दाबावयाचा. समारंभ आटोपला कीं सर्व उतरवितां येतें. गंगावनाप्रमाणेंच येथेंहि मुळांस रात्रीं विसांवा मिळतो. मात्र चाप लावून निजूं नये, आणि रोज एकाच जागीं तो लावूं नये.

दुसरी रीत शिवणीची. आपल्या केसांच्या डोक्यालगत बारीक, चपट्या वेण्या घालतात व त्यांवर केसांची झालर वांकड्या सुईनें शिवतात. अमेरिकेंतील ख्रिस्तिना जेंकिन्स या कृष्णवर्णीय बाईंनीं विकतचे केस डोक्यावरील केसांशीं कायम जोडण्याच्या पद्धतीचें पेटंट १९५२ मध्यें मिळविलें, आणि तेथून या कलेस मोठी चालना मिळाली. हींत उष्णता नाहीं, डिंकहि नाहीं. परंतु खालच्या वेण्या फार आंवळल्या तर रात्रंदिवस ताण बसतो. आणि न्हाल्यावर त्या पूर्ण वाळल्या नाहींत तर ओलीनें खाज व दुर्गंधि येते. दाट व कुरळ्या केसांस ही रीत मानवते. पातळ केसांस झालर जड होते.

तिसरी रीत चिकटपट्टीची. दोन पट्ट्यांमध्यें आपल्या केसांचा पातळ थर धरून त्या दाबून बसवितात. पट्टी रुंद व चपटी असल्यामुळें भार पुष्कळ केसांवर पसरतो. म्हणून बारीक केसांस ही बरी. परंतु तेलानें चिकटा सुटतो. डोक्यास तेल चोळण्याची संवय असलेल्या स्त्रीनें हें आधींच ध्यानांत घ्यावें.

चौथ्या प्रकारांत बटा एकेक जोडतात. कोणी आंतून सिलिकोनचें अस्तर असलेलें धातूचें इवलेंसें कडें पकडीनें चेपतात. कोणी केराटिनचा थेंब उष्णतेनें वितळवून सांधा घट्ट करतात. बट सर्व बाजूंनीं मोकळी हालते, म्हणून ती अगदीं नैसर्गिक दिसते. तथापि तिचा सारा भार थोड्याच केसांवर पडतो. बट जितकी जाड, तितका हा धोका अधिक.

येथेंच खरी मेख आहे. सतत ओढीमुळें केस जाण्याच्या विकाराचें पहिलें वैद्यकीय वर्णन १९०७ मध्यें झालें, तें ग्रीनलंडमधील स्त्रियांविषयीं. त्या केस घट्ट ओढून बांधीत, आणि कपाळाच्या कडेचे केस विरळ होत. प्रारंभीं ओढ थांबविली तर केस पुनः उगवतात. वर्षानुवर्षें ती चालूं राहिली तर मूळच वण धरून नष्ट होतें, आणि मग कोणतेंहि तेल तेथें केस आणूं शकत नाहीं. कानशिलाजवळ विरळपणा, मुळाशीं बारीक पुळ्या, मान वळवितांना ओढ व दुखणें, हीं पूर्वसूचना देणारीं चिन्हें होत. ‘नवीन आहे, दोन दिवस दुखेलच’ हें समाधान खोटें आहे. नीट बसविलेला सांधा दुखत नाहीं.

काढण्याची वेळहि तितकीच महत्त्वाची. शिवण व पट्टी सहा ते आठ आठवड्यांनीं, आणि केराटिनचे सांधे तीन-चार महिन्यांच्या आंत काढावे, असा सामान्य नियम आहे. दोन महिन्यांत सांधा दोन ते अडीच सेंटिमीटर खालीं उतरतो, मोकळ्या केसांस पीळ पडतो आणि गुंता होतो. सांधे काढतांना मूठभर केस हातीं येतात व बाई घाबरते; पण त्यांतील बहुतेक रोज गळावयाचेच, अडकून राहिलेले केस असतात. गुंता मात्र ओढून सोडवूं नये. योग्य द्रावकानें सांधा मऊ करून मगच विंचरावें.

केस जोडून घेण्यास बसण्यापूर्वीं कारागिरास तीन प्रश्न विचारावे: एका सांध्याचा भार किती केसांवर पडणार? तो कोणत्या द्रव्यानें व कसा काढणार? आणि पुढील वेळेपर्यंत मुळांस किती दिवस मोकळीक देणार? उत्तरें समाधानकारक नसल्यास घरचें गंगावन बरें.