स्टॉपवॉच सुरू होण्याआधी

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला टेबलाशी दोघं समोरासमोर बसतात, प्रयोगकर्ती आणि प्रयुक्त, म्हणजे जिच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती. मध्ये दोन तक्ते पालथे घातलेले. एकावर रंगीत चौकोन. दुसऱ्यावर रंगांची नावं, पण प्रत्येक नाव भलत्याच रंगात छापलेलं: ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, ‘निळा’ पिवळ्या. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. चौकोन भराभर संपतात. शब्दांच्या तक्त्यावर मात्र दुसऱ्याच ओळीत जीभ अडखळते, ‘ला... नाही, हिरवा’ असं होतं, आवाज नकळत चढतो.

जॉन रिडली स्ट्रूप यांनी अमेरिकेत नॅशव्हिलला केलेला हा प्रयोग १९३५ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौकोनांचे रंग सांगायला प्रयोगातल्या विद्यार्थ्यांना सरासरी ६३.३ सेकंद लागले, शंभर शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३.

कोणता तक्ता द्यायचा हे प्रयोगकर्ती ठरवते, तो स्वतंत्र चल. लागलेला वेळ हा परतंत्र चल. प्रयोगवहीत एवढं लिहून मुलं पुढे सरकतात. मला वाटतं, खरा प्रयोग त्याखालच्या ओळीत आहे: नियंत्रित चल. वेळ शब्दांमुळेच वाढला असं म्हणायचं, तर बाकीच्या शक्यता आधी बाद कराव्या लागतात. शब्दांचा तक्ता सगळ्यांना नंतरच दिला, तर उशीर शब्दांचा की थकव्याचा? शिवाय सरावाने वेळ कमीही होऊ शकतो. म्हणून निम्म्यांना आधी चौकोन, निम्म्यांना आधी शब्द. या प्रतिसंतुलनाने थकवा किंवा सराव नाहीसा होत नाही, तो दोन्ही तक्त्यांवर सारखा वाटला जातो. स्ट्रूप यांनीही क्रम असाच उलटवला होता, आणि एकच रंग लागोपाठ येणार नाही अशी मांडणी केली होती. उजेड सारखा, सूचना शब्दशः सारखी, रंगांधळेपणाची चौकशी आधी.

तक्त्याची भाषा मात्र अनेकदा दुर्लक्षित राहते. मराठी माध्यमातल्या मुलापुढे इंग्रजी शब्दांचा तक्ता ठेवला आणि ते शब्द त्याच्याकडून आपसूक वाचले जात नसतील, तर अडथळाच कमी होईल. त्याचा कमी वेळ पाहून आपण त्याच्या एकाग्रतेचं कौतुक करत बसू. देवनागरी तक्ता हवाच.

शेवटी प्रयुक्ताला विचारतात, करताना काय जाणवलं? एकाने सांगितलं, ‘मी डोळे बारीक करून अक्षरं धूसर केली, मग सोपं गेलं.’ प्रयोगकर्तीने ते वहीत उतरवलं आणि सूचनेत लगेच नवी ओळ घालायला पेन उचललं. मॅडमनी थांबवलं.

‘आत्ता बदलू नकोस. या गटातल्या उरलेल्यांनाही जुनीच सूचना वाच. अर्ध्यावर सूचना बदललीस, तर तो आणखी एक चल झाला. नवी ओळ पुढच्या गटापासून.’