केराचा आठवडा

जर्मनीत राहायला जाणाऱ्या मराठी माणसाला ‘जर्मन शिस्त’ हे शब्द विमानात बसायच्या आधीच पाठ झालेले असतात. ती म्हणे त्यांच्या रक्तातच असते. चार वर्षं श्टुटगार्टमध्ये संसार केल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्यातलं बरंचसं तिथे कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं : कायद्यात, भाडेकरारात, नाहीतर दारावर टांगलेल्या पाटीवर. नव्या माणसाच्या हे फायद्याचंच आहे. दुसऱ्याचं रक्त काही घेता येत नाही, लिहिलेलं मात्र शब्दकोश घेऊन वाचता येतं.

श्टुटगार्ट आपल्याला अगदी परकं नाही. मुंबईचं ते १९६८पासूनचं भगिनी-शहर. बॉशची पहिली कार्यशाळा १८८६ साली इथेच निघाली, आणि मर्सिडीजचं मुख्य ठाणंही इथलंच, त्यामुळे चाकणहून इथे येणाऱ्या इंजिनियरांची ये-जा कायम चालू असते. आम्हीही त्याच वाटेने आलो.

पहिले दोन आठवडे कागदांचे. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर-कार्यालयात नाव नोंदवायचं, आणि २०१५पासून त्यासाठी घरमालकाची सही असलेलं पत्रही लागतं. या नोंदीनंतर कराचा क्रमांक येतो आणि पुढची कामं सुटतात. मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट कोणत्याच अर्जावर नसते : टपालपेटीवरचं आडनाव. इथल्या इमारतींत घरांना सहसा क्रमांक नसतात. पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा नंबर, बस्स. पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर सरकारदरबारी नोंद असूनही तुमचं पत्र परत जातं. सोसायटीत ‘बी विंग, ३०४’ म्हणून वाढलेल्या मला हे विचित्र वाटलं, मग आवडलं.

रविवारचंही तसंच. दुकानं बंद, भिंतीला भोकं पाडायची नाहीत, काचेच्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या पिंपात टाकायच्या नाहीत. हा केवळ धार्मिक रिवाज असावा असं वाटतं. पण रविवारच्या विश्रांतीचं संरक्षण १९१९च्या वायमार राज्यघटनेत आहे आणि आजच्या राज्यघटनेच्या १४०व्या कलमाने ते जसंच्या तसं उचललं आहे. शनिवारी संध्याकाळी दूध आणायला विसरलात, तर आड येते ती राज्यघटना!

पण मला सांगायचं आहे ते जिन्याबद्दल.

श्वाबेन प्रांतात, म्हणजे श्टुटगार्टच्या पंचक्रोशीत, ‘केरवोखं’ नावाची प्रथा आहे. ‘केरन’ म्हणजे झाडणं, ‘वोखं’ म्हणजे आठवडा. आपल्या ‘केर’ शब्दाशी हा निव्वळ योगायोग, पण मराठी माणसाला भाषांतराची गरजच पडत नाही : केराचा आठवडा. तो दोन प्रकारचा. छोट्यात आपल्या मजल्यावरचा जिना, कठडा आणि खिडकीची कड येते. मजल्यावरच्या घरांनी आळीपाळीने एकेक आठवडा ते झाडून ओल्या फडक्याने पुसायचं. मोठ्यात सगळ्या इमारतीचं दार, तळघराच्या पायऱ्या, अंगण, समोरचा फुटपाथ, आणि हिवाळ्यात लोक कामावर निघायच्या आत बर्फ ओढून वाट मोकळी करणं. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. आठवडा संपला की ती पाटी शेजारच्या दारावर अडकवायची. काम शनिवारी करायचा प्रघात आहे, आणि झाडूचा दांडा पायऱ्यांवर जरा आपटत न्यावा म्हणजे चार घरांना ऐकू जातं, ही थट्टा श्वाबेनमधलेच लोक करतात.

हे कुठून आलं? नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे पिएटिझम, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रोटेस्टंटांत उठलेली आणि या भागात खोल रुजलेली भक्तिचळवळ. कष्ट, काटकसर, टापटीप वगैरे. मला हे अपुरं वाटतं, कारण तारखा जुळत नाहीत. दाढीवाला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काउंट एबरहार्डने श्टुटगार्टसाठी नियम केले ते १४९२ साली, म्हणजे प्रोटेस्टंट पंथच जन्मायच्या आधी. प्रत्येकाने आपल्या दारचं शेण-उकिरडं दर आठवड्याला बाहेर न्यावं, असं त्यात होतं. पुढे १७१४मध्ये गल्ल्या झाडण्याचा वेगळा हुकूम निघाला. ज्या गोष्टीसाठी वारंवार हुकूम काढावे लागतात, ती रक्तात असते असं कसं म्हणावं? लोक झाडत नसत, म्हणूनच नियम आले. १९८८ साली, मानफ्रेड रॉमेल महापौर असताना, नगरपालिकेने आपल्या नियमातून केरवोखं काढून टाकली. तरी ती गेली नाही, कारण तोवर ती भाडेकरारात जाऊन बसली होती. आमच्या करारातही तिचं एक कलम आहे.

आमच्या मजल्यावर दोन घरं. समोरच्या सत्तरीच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात जिन्याचा कोणता कोपरा कसा पुसायचा ते करून दाखवलं. आम्ही एकमेकींना ‘झी’ म्हणतो, म्हणजे आपलं अहो-जाहो. ‘डू’वर, म्हणजे अगं-तुगंवर यायचं तर पुढाकार मोठ्या माणसाने घ्यायचा असतो; त्यांनी तो अजून घेतलेला नाही. पण फडकं पिळताना जेवढं बोलणं होतं, तेवढं भाषेच्या वर्गातही होत नव्हतं. नव्या शहरात ओळखी कशा होतात याबद्दल खूप सल्ले मिळतात. माझ्या ओळखी जिन्यावर झाल्या, कारण तिथे उभं राहायला मला कारण होतं.

आता आपल्याकडचं. मी वाढले त्या पुण्यातल्या सोसायटीत जिना झाडायला एक बाई येत. त्यांना सगळे ‘झाडूवाली’ म्हणत. सोसायटीच्या हिशेबाच्या वहीतही ‘झाडलोट’ एवढाच खर्च पडे, नाव नाही. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू लावणारे आम्ही. पण घराच्या उंबऱ्याबाहेर ती हातात धरणं हे ठरावीक जातींच्या लोकांचं काम, हे कुठे लिहिलेलं नसूनही सगळ्यांना ठाऊक होतं. गाडगेबाबांनी खराटा उचलला, आम्ही त्यांचा फोटो लावला. लिहिलेल्या नियमात आणि न लिहिलेल्या नियमात मला हा मोठा फरक दिसतो. लिहिलेला नियम डॉक्टरच्या दारावरही पाटी लावतो आणि ड्रायव्हरच्याही. न लिहिलेला माणूस बघून लागू होतो.

याचा अर्थ श्टुटगार्ट पुण्यवान आहे असा नाही. अलीकडे पुष्कळ घरमालक केरवोखंऐवजी सफाई कंपनी नेमतात आणि तो खर्च भाडेकरूंच्या वरखर्चात वाटून टाकतात. येणारे कामगार बहुधा स्थलांतरितच असतात. जिना आमच्याइतकाच, किंबहुना जास्त स्वच्छ होतो. पाटी मात्र खाली उतरते.

आमच्या मालकानेही यंदा सगळ्यांना पत्र टाकून मत विचारलं. तिसऱ्या मजल्यावरच्या, दोन लहान मुलं असलेल्या जोडप्याला कंपनी हवी आहे, आणि त्यांची ओढाताण बघता ते बरोबरच म्हणतात. समोरच्या आजींनी ठामपणे नको म्हणून कळवलं. गुडघे दुखतात, तरीही. मीही नको असंच लिहिलं, आणि वर आजींच्या पाळीचा ओला पोछा मी करीन असं जोडलं. हे त्यांना आधी विचारलं, तर म्हणाल्या, झाडणं मी करीन, पुसणं तुम्ही करा. मालकाचा निर्णय नवीन वर्षात कळेल. तोवर जुनंच वेळापत्रक चालू आहे.