एका साच्यात सहा न्याहाऱ्या

सकाळी साडेसात वाजता कोणत्याही मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात डोकावून पाहा. तव्यावरचे पहिले ऑम्लेट यजमानांचे. दुसरे चिरंजीवांचे, त्यात मिरची नको. तिसरे कन्येचे, त्यात कांदा नको. चौथे करणारीचे, पण ते होईतो तिच्याच गाडीची वेळ भरत आलेली असते, आणि बहुधा ते पोळीत गुंडाळले जाऊन डब्यात जाते. चौघांच्या घरात चौघे चार वेळांना खातात. यात अंड्याचा काय दोष? तव्यावर एका वेळी एकच ऑम्लेट होते, एवढीच अडचण.

त्यावरचा उपाय अनेक घरांत माळ्यावर पडून असतो. वाढदिवसाच्या केकच्या हौसेने आणलेला मफिनचा साचा!

कल्पना नवी नाही. लहानशा भांड्यात अंडे फोडून, वर साय घालून ते भट्टीत भाजण्याची रीत फ्रान्समध्ये जुनी आहे. आपल्या मुंबईतल्या पारशी घरांत तर भेंडी, टोमॅटो, बटाटा अशा कोणत्याही भाजीच्या थरावर अंडी फोडून झाकण ठेवतात. त्याला ते ‘पर ईडू’ म्हणतात. तेच सहा वाट्यांत करायचे, इतकेच.

सहा वाट्यांच्या साच्याला सहा अंडी, चार मोठे चमचे दूध, एक कांदा, अर्धी सिमला मिरची, दोन हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, चिमूटभर हळद, मीठ व मिरपूड घ्यावी. ओव्हन १८० अंशांवर दहा मिनिटे आधी तापवावा. वाट्यांना कडेपर्यंत तेलाचा हात लावावा. येथे कंजुषी केली की अंडे साच्याचेच होऊन बसते. तळाशी परतलेली भाजी घालून फेटलेले अंडे पाऊण वाटीपर्यंत ओतावे. काठोकाठ भरू नये, कारण ते फुगते. ज्याला मिरची नको त्याच्या वाटीत ती घालायची नाही. तंटा तेथेच मिटला.

खरी मेख भाजीत आहे. कांदा, पालक, टोमॅटो कच्चे घातले तर त्यांचे पाणी ओव्हनमध्ये सुटते आणि खाली ओला चिखल होतो. म्हणून भाजी कोरडी होईतो परतावी व निववून मगच घालावी. आदल्या रात्रीची उरलेली बटाट्याची भाजी याला फार चांगली.

पंधरा ते अठरा मिनिटे पुरतात. मधोमध सुरी खुपसावी. ओले अंडे चिकटले नाही की बाहेर काढावे. ‘आणखी पाच मिनिटे राहू दे’ हा मोह नको. जास्त तापले की अंड्यातली प्रथिने आवळतात, पाणी बाहेर टाकतात आणि रबर चावल्यासारखे लागते. बाहेर काढताच वर आलेले घुमट खाली बसतात. त्याने खट्टू होऊ नये. आतली वाफ निवली की ते बसायचेच.

मायक्रोवेव्ह असेल तर धातूचा साचा फक्त कन्व्हेक्शनवर ठेवावा. खर्च म्हणाल, तर दीड हजार वॉटचा ओव्हन अर्धा तास सलग तापला तरी पाऊण युनिट वीज जाते. चौघांसाठी हे परवडते. एकट्यादुकट्याने मात्र आपला तवाच बरा.

घरात आजी अंडे खात नसतील, तर त्याच साच्यात एका कडेला त्यांच्यासाठी बेसनाचे मिश्रण ओतण्याचा शहाणपणा करू नये. त्यांचा साचा वेगळा ठेवावा. शंभर-दीडशे रुपये वाचवण्याच्या नादात कुणाच्या मनाला अढी कशाला?

उरलेल्या वाट्या निवल्यावर लगेच, दोन तासांच्या आत, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. तीन दिवस टिकतात. रविवारी रात्री केल्या तर सोमवार-मंगळवारची न्याहारी नुसती गरम करायची राहते. पोळी, पाव, थोडी लसणीची चटणी एवढे बरोबर असले की झाले.

राहता राहिला साचा. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मऊ घासणीने घासावा, तारेच्या घासणीने नव्हे. हे काम यजमानांकडे द्यायला हरकत नाही. ते खाऊन उठतात तेव्हा घरातले सगळेच उठलेले असतात, आणि आंघोळीचा नंबर काही अजून लागलेला नसतो.