शहराचा गाळ आणि शेताची माती

सोनखत हा शब्द मराठी शेतकऱ्याला नवा नाहीं. मैल्याला सोन्याचें नांव देण्यांत पूर्वजांनीं अतिशयोक्ति केली असें नव्हे. पिकानें जमिनींतून जें उचललें तें तिला परत मिळालें पाहिजे, हा हिशेब त्यांना पुरता ठाऊक होता. खेड्यांत हा हिशेब सहज जुळे, कारण धान्य जेथलें तेथेंच खत. शहरांत मात्र ही सांखळी तुटते. धान्य शंभर कोसांवरून येतें, आणि मैला मोरींतून गटारांत व गटारांतून नदीला किंवा समुद्राला जातो. ही सांखळी पुनः जोडावी कीं नाहीं, आणि जोडावयाची तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न आज अनेक देशांच्या कायद्यांपुढें उभा आहे.

सांडपाणी शुद्ध करतांना खालीं जो गाळ बसतो, त्यांतच शहराचें खत सांठलेलें असतें. १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट या दोन शास्त्रज्ञांनीं एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. सांडपाण्यांत हवा घोळविली आणि खालीं बसलेला गाळ टाकून न देतां पुढल्या पाण्यांत पुनः मिसळला, तर त्यांतील सूक्ष्म जंतु घाण झपाट्यानें खाऊन टाकतात. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फौलर हे पुढें १९१६ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत आले. ही रीत जगभर पसरली आणि तिच्याबरोबर गाळाचे ढीगहि वाढले. ताज्या गाळाच्या शंभर भागांत पंचाण्णवांहून अधिक भाग पाणीच असतें. पण उरलेल्या कोरड्या भागांत नत्र व स्फुरद भरपूर असतात. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरानें तो वाळवून १९२६ पासून ‘मिलॉर्गनाइट’ या नांवानें पोत्यांत भरून विकावयास आरंभ केला.

इतकें सोपें असतें तर कायद्याची गरजच पडली नसती. परंतु गटाराला निवड ठाऊक नसते. माणसाच्या मैल्याबरोबर रुग्णालयांचें धुवण, मुलामा देणाऱ्या कारखान्यांचें पाणी, रंग, तेल, औषधें हीं सारीं एकाच वाटेनें येतात. पाणी स्वच्छ होऊन बाहेर पडतें; पण पाण्यांतून जें काढलें त्याचा मोठा वांटा गाळांत राहतो. पाणी जितकें अधिक शुद्ध, तितकी गाळाची जबाबदारी जड.

या गाळांतील धोके दोन जातींचे आहेत: एक मरणारे आणि दुसरे न मरणारे. रोगजंतु व कृमींचीं अंडीं हे पहिल्या जातीचे. उष्णता, चुना, ऊन आणि काळ यांच्यापुढें त्यांचें कांहीं चालत नाहीं. अमेरिकन सरकारनें १९९३ सालीं केलेले नियम याच तत्त्वावर उभे आहेत. ज्या गाळावर पूर्ण संस्कार होऊन रोगजंतु जवळजवळ नष्ट झाले आहेत, तो परसबागेंतहि घालतां येतो. अर्धवट संस्कार झालेल्या गाळाला मात्र काळाचें कुंपण आहे. ज्या पिकाचा खाण्याचा भाग जमिनीला टेकतो, तें गाळ घातल्यापासून १४ महिनेपर्यंत काढतां येत नाहीं. बटाटा, गाजर अशा जमिनीखालच्या पिकांना, गाळ चार महिन्यांच्या आंत मातींत मिसळला असेल तर, ३८ महिने थांबावें लागतें. तो चार महिने किंवा अधिक काळ वरच राहिला असेल तर २० महिने पुरतात. हा फरक वरवर विचित्र वाटतो. पण मातीखालीं गेलेल्या अंड्यांना ऊन लागत नाहीं, एवढेंच त्याचें कारण.

दुसऱ्या जातीच्या धोक्याला काळ हें औषध नाहीं. शिसें, पारा, कॅडमियम हे धातु कुजत नाहींत व जळत नाहींत; जमिनींत एकदां गेले कीं ते पिढ्यान् पिढ्या राहतात. कॅडमियम पिकाच्या मुळांतून वर चढतें, आणि जमीन आम्ल असेल तर अधिकच चढतें. जपानांत जिंझू नदीच्या कांठीं एका खाणीच्या पाण्यांतून तें भातशेतांत उतरलें, आणि तो भात खाणाऱ्यांचीं हाडें ठिसूळ झालीं. रोग्यांच्या कण्हण्यावरून त्या रोगाला ‘इताइ-इताइ’ हें नांव पडलें. प्रदूषणापासून उद्भवलेला रोग म्हणून सरकारनें तो १९६८ सालीं मान्य केला. तेथें गाळाचा संबंध नव्हता; पण मातींतून ताटापर्यंतची वाट हीच.

म्हणून धातूंचा नियम ‘किती दिवस थांबावें’ असें सांगत नाहीं. तो ‘एकंदर किती’ तें सांगतो. येथें दोन खंडांचे विचार वेगळे पडतात. अमेरिकेनें, विष मनुष्यापर्यंत, गुरांपर्यंत व पिकांपर्यंत पोंचण्याच्या चौदा वाटा तपासून, हलक्या प्रतीच्या गाळाबाबत एका हेक्टरांत कॅडमियमची एकंदर सीमा ३९ किलो ठरविली. युरोपच्या १९८६ च्या निर्देशानें दर हेक्टरीं वर्षास सरासरी ०.१५ किलो एवढीच मोकळीक दिली. म्हणजे युरोपच्या वेगानें अमेरिकेची सीमा गांठावयास २६० वर्षें लागतील! एकाचा प्रश्न, अपाय केव्हां होतो. दुसऱ्याचा, मातींत सांठा वाढूं तरी कां द्यावा.

नियमाचें एक दौर्बल्य मात्र दोन्हीकडे सारखेंच आहे. परीक्षा त्याच विषाची होते, ज्याचें नांव यादींत असतें. कार्बन व फ्लुओरीन यांचीं कांहीं कृत्रिम संयुगें, ज्यांना ‘पीफास’ म्हणतात, डाग न धरणाऱ्या कापडांत व कागदांत वापरलीं जात. तीं निसर्गांत जवळजवळ नाश पावत नाहींत. १९९३ च्या यादींत त्यांचें नांव नव्हतें. अमेरिकेच्या मेन संस्थानांत, जेथें पूर्वी गाळ घातला गेला होता अशा एका गवळ्याच्या शेतावरील दुधांत तीं २०१६ सालीं आढळलीं. त्या शेतकऱ्यानें नियम मोडला नव्हता. तरी दूध फेंकावें लागलें. २०२२ सालीं मेननें शेतांत गाळ घालण्यास बंदीच केली. स्वित्झर्लंडनें तर २००६ पासूनच गाळाला शेताचें दार बंद केलें आहे. जर्मनीनें मधला मार्ग धरला: मोठ्या शहरांच्या गाळांतून स्फुरद वेगळा काढून घेण्याचें बंधन तेथें २०२९ पासून लागू व्हावयाचें आहे.

बंदीनें शेत वांचतें, पण गाळ नाहींसा होत नाहीं. तो जाळावा तरी लागतो किंवा पुरावा तरी लागतो, आणि सांखळी पुनः तुटते. खरा नियम म्हणून शेताच्या बांधावर नव्हे, तर मोरीच्या तोंडाशीं सुरू होतो. कारखान्यानें आपलें विषारी पाणी गटारांत सोडण्यापूर्वींच शुद्ध करावें, हा दंडक जेथें कसोशीनें पाळला जातो, तेथें गाळांतील धातु उतरतात. भारताच्या खत नियंत्रण आदेशानें शहरी कंपोस्टांत कॅडमियमची मर्यादा किलोमागें ५ मिलिग्रॅम घातली आहे. युरोपानें गाळाला दिलेली मर्यादा २० ते ४० आहे. आंकडा कडक आहे; पण जें गटारांत शिरलें तें आंकड्यानें बाहेर निघत नाहीं.

उरलेलें रंगाचें पाणी, जुनीं औषधें, इंजिनाचें काळें तेल मोरींत ओततांना कोणाहि गृहस्थाला वाटतें कीं घाण घराबाहेर गेली. ती गेलेली नसते. शेताच्या वाटेनें ती भाजीच्या पाटींतून परत येण्याचा संभव असतो. सोनखतांतलें सोनें राखावयाचें तर त्यांत काय पडतें याची राखण घरापासूनच झाली पाहिजे.